गाणं आणि राजकारण बाजूला ठेवलं तर नट म्हणून पॉल रोबसन किती मोठा?

तिसरी घंटा

मागच्या आठवड्यात ‘द प्राउड व्हॅली’ पाहिला. १९४० चा ब्रिटिश सिनेमा, ईलिंग स्टुडिओचा. वेल्समधल्या कोळसा खाणीच्या गावात एक काळा अमेरिकन खलाशी कामाच्या शोधात येतो. खिडकीखाली उभा राहून गातो, आत गावातल्या गायनमंडळाची तालीम चाललेली असते, आणि त्या आवाजापायी त्याला घर मिळतं, काम मिळतं. शेवटी खाणीत इतरांना वाचवताना तो जीव देतो. खलाशी झालाय पॉल रोबसन (१८९८–१९७६).

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. वडील गुलामगिरीतून पळालेले आणि पुढे पाद्री झालेले. मुलगा रटगर्स विद्यापीठात शिष्यवृत्तीवर गेला, अमेरिकन फुटबॉलमध्ये देशभरातून निवडलेल्या संघात दोनदा आला, १९१९ च्या पदवीदान समारंभात वर्गातर्फे भाषण त्याचंच. मग कोलंबिया विद्यापीठातून वकिली. वकिलीच्या कचेरीत गोऱ्या लघुलेखिकेने त्याच्याकडून मजकूर उतरवून घ्यायला नकार दिला, तेव्हा तो पेशाच सोडून नाटकात आला. त्यानंतर गायक, कार्यकर्ता, मॅकार्थी काळातल्या, म्हणजे अमेरिकेतल्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेचा बळी वगैरे.

माझा प्रश्न असा. त्याच्यावर जे काही वाचायला मिळतं ते एकतर आवाजावर, नाहीतर त्याच्यावर झालेल्या अन्यायावर. अभिनयाबद्दल कोणी धड बोलतच नाही. मला स्वतःला तो सिनेमात भारदस्त वाटला, पण नट म्हणून मध्यम. सहा फूट तीन इंच उंची आणि तो आवाज एवढ्यावर भागून जातं. भूमिकेत शिरलाय असं क्वचित वाटतं. तुमचं मत?

उगाच एक

गाणं आणि राजकारण बाजूला ठेवून रोबसन? म्हणजे मीठ-मसाला बाजूला ठेवून मिसळ.

शरयू_क

घंटाताई, चुकीच्या सिनेमावरून निकाल देताय. ‘बॉडी अँड सोल’ बघा. १९२५ चा मूकपट, ऑस्कर मिशोचा. मिशो म्हणजे काळ्या प्रेक्षकांसाठी स्वतः पैसे उभे करून सिनेमे काढणारा माणूस. यात रोबसनचा आवाजच नाही, त्यामुळे तुमची अट आपोआप पाळली जाते. दुहेरी भूमिका आहे: पाद्री बनून गावाला लुबाडणारा पळपुटा कैदी, आणि त्याचा सज्जन भाऊ. पाद्री बघताना घाम फुटतो. हसतो तेव्हा जास्त. बापाच्याच व्यवसायातला ढोंगी माणूस तो इतक्या चवीने करतो, की पुढे त्याच्या वाट्याला एकही नीच माणूस का आला नाही याची हळहळ वाटते.

पिटातला प्रेक्षक

शरयूताईंशी सहमत. मूळ अडचण भूमिकांची आहे. त्या काळात काळ्या नटाला सिनेमात मिळायचं काय? नोकर, हमाल, टोळीप्रमुख. थोडी बरी भूमिका मिळाली तरी इतका चांगला माणूस, की शेवटी गोऱ्यांसाठी मरायचं. ‘प्राउड व्हॅली’त तेच होतं. नट मध्यम वाटणारच.

‘द एम्परर जोन्स’ (१९३३) हा अपवाद. यूजीन ओनीलचं नाटक. रेल्वेतला पोर्टर खून करून पळतो, एका बेटाचा सम्राट होतो आणि शेवटी जंगलात भयाने वेडा होतो. त्यातला किस्सा सांगतो. नायिकांपैकी फ्रेडी वॉशिंग्टन ही स्वतः काळ्या समाजातली, पण रंगाने इतकी उजळ की पडद्यावर रोबसनच्या मिठीत गोरी बाई आहे असं वाटेल. म्हणून तिला काळा रंग फासून दृश्यं चित्रित केली. अशा बाजारात अभिनयाची बारकाई कोण मागतंय!

बोरूबहाद्दर

पण जोन्स ही भूमिका मुळात चार्ल्स गिल्पिनची, हे कोणीतरी सांगायला हवं. १९२० मध्ये गिल्पिनने ती रंगभूमीवर उभी केली. संहितेतली काळ्यांसाठीची शिवी तो प्रयोगात बदलायचा, त्यावरून ओनीलशी बिनसलं. पुढे पुनरुज्जीवन करताना ओनीलने तरुण रोबसनला घेतलं. गिल्पिन १९३० मध्ये गेला, त्याचा जोन्स चित्रपटात उरलाच नाही. उद्या कोणी ‘गिल्पिन किती मोठा’ असा धागा काढला तर त्यात लिहिणार काय?

उगाच एक

बोरूशेठ, धागा काढाच. पहिला प्रतिसाद माझा.

न्यूजर्सीकर

मी प्रिन्स्टनजवळ राहतो. विदरस्पून स्ट्रीटवर रोबसनचं जन्मघर आहे आणि वडील जिथे पाद्री होते ते चर्चही त्याच रस्त्यावर. वडिलांना १९०१ मध्ये त्या पदावरून काढलं. पॉलला सहावं वर्ष चालू असताना चुलीच्या निखाऱ्याने कपडे पेटून आई गेली. रटगर्समध्ये आता त्याच्या नावाचा चौक आहे, काळ्या ग्रॅनाइटच्या आठ पाट्यांवर चरित्र कोरलंय. आमच्याकडे देशातून पाहुणे आले की मंदिर आणि मॉल झाल्यावर त्यांना तिथे नेतो. बहुतेकांना माहीत नसतो, पण पाट्या वाचायला लागले की हलत नाहीत.

मुद्द्याचं. ज्या प्रिन्स्टन विद्यापीठाने त्याच्या थोरल्या भावाला रंगामुळे दारात उभं केलं नाही, त्याच गावात १९४२ च्या उन्हाळ्यात त्याने शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चे प्रयोग केले. न्यूयॉर्कला नेण्याआधीची चाचपणी होती ती. काळा नायक आणि त्याची गोरी बायको डेस्डेमोना घेऊन थेट ब्रॉडवेवर जायला निर्माते बिचकत होते.

तिसरी घंटा

शरयूताई, ‘बॉडी अँड सोल’ यादीत टाकला. पिटातले काका, भूमिका वाईट होत्या हे मान्य. पण मग नाटकाचं काय? तिथे तर त्याला ऑथेल्लो मिळाला, तोही तीनदा. १९३० मध्ये लंडन, १९४३ मध्ये न्यूयॉर्क, १९५९ मध्ये शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला. तिथे तरी तो शेक्सपिअरचा नट होता, की फक्त ‘खरा काळा ऑथेल्लो’ म्हणून कौतुक झालं?

पिटातला प्रेक्षक

आता खरा प्रश्न विचारलात. उत्तर एकच नाही.

१९३० चा प्रयोग सॅव्हॉय थिएटरमध्ये झाला. डेस्डेमोना पेगी ॲशक्रॉफ्ट, तेव्हा बावीस वर्षांची. एमिलिया सिबिल थॉर्नडाइक, रॉडरिगो राल्फ रिचर्डसन. पात्रयोजना बघा! पण निर्माता मॉरिस ब्राउन स्वतःच ऑथेल्लोचे कान भरणारा खलनायक इयागो होऊन बसला, आणि तो काही त्या ताकदीचा नव्हता. रंगमंचावर अंधार इतका, की रिचर्डसन बाहीत विजेरी लपवून वावरायचा असा किस्सा सांगतात. पहिल्या रात्री पडदा पुन्हापुन्हा वर घ्यावा लागला, पण समीक्षकांत दोन तट पडले. रोबसन दबून खेळतोय, गोऱ्या बाईला हात लावताना बिचकतोय, असं लिहिलं गेलं. आणि ते खरंच होतं. हे त्याने स्वतः नंतर बोलून दाखवलंय.

बिचकणार नाही तर काय? आदल्याच वर्षी शेजारच्या सॅव्हॉय हॉटेलच्या ग्रिलमध्ये त्याला रंगामुळे जेवण नाकारलं होतं. संध्याकाळी थिएटरात सेनापती ऑथेल्लो, आणि शेजारच्या हॉटेलात पान वाढणार नाहीत.

१९४३ चा प्रयोग वेगळा. दिग्दर्शन मार्गारेट वेब्स्टरचं, इयागो होझे फेरर, डेस्डेमोना उटा हेगन. शूबर्ट थिएटरात १९ ऑक्टोबरला सुरू झाला आणि २९६ प्रयोग झाले. ब्रॉडवेवर शेक्सपिअरचं कुठलंही नाटक सलग इतकं चाललेलं नाही, आजपर्यंत नाही. नुसत्या कुतूहलावर २९६ प्रयोग होत नाहीत हो.

मंद्र सप्तक

होतात की. आपल्याकडे निव्वळ नटाचं नाव पाहून लोक पडेल नाटकाला वर्षभर जातात.

पण एक सांगते. १९४४ मध्ये त्याला अमेरिकन अकॅडमी ऑफ आर्ट्स अँड लेटर्सचं सुवर्णपदक मिळालं ते शब्दोच्चारासाठी. मला हे फार बोलकं वाटतं. कौतुकसुद्धा जिभेचं आणि गळ्याचं. घंटाताईंचा संशय तेव्हाच्या लोकांनाही असणार.

शरयू_क

शब्दोच्चारावरून आठवलं. लंडनला ऑथेल्लोची तयारी करताना त्याने अमांडा आल्ड्रिजकडे आवाजाचे धडे घेतले. अमांडा ही आयरा आल्ड्रिजची मुलगी. आयरा आल्ड्रिज म्हणजे न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला काळा नट. अमेरिकेत वाव नाही म्हणून तरुणपणीच इंग्लंड गाठलं आणि तिथे १८३३ मध्ये कॉव्हेंट गार्डनला ऑथेल्लो केला. पुढे युरोपभर फिरला, पोलंडमध्ये वारला. मधली शंभर वर्षं लंडनच्या बड्या रंगमंचांवर ऑथेल्लो म्हणजे तोंडाला रंग फासलेला गोरा. म्हणजे धडा मधल्या शतकाला वळसा घालून थेट बापाकडून मुलीमार्फत पोचला. आपल्या घराण्यांत असं काही घडलं असतं तर त्यावर संगीत नाटक निघालं असतं.

गिरणगाव

ऑथेल्लो आला म्हणजे ‘झुंझारराव’ आलाच पाहिजे. गोविंद बल्लाळ देवलांचं रूपांतर, १८९० चं. आमच्या आजोबांना त्यातले उतारे तोंडपाठ होते. ते म्हणायचे, हे संशयाचं नाटक, कान भरणाऱ्यापासून सावध राहा. लहानपणी मीही तसंच समजायचो. बायकोवर शंका घेणाऱ्या नवऱ्याची गोष्ट.

रोबसन ते तसं बघतच नव्हता. त्याच्या मते ऑथेल्लो हा परक्या समाजात एकटा पडलेला, वेगळ्या रंगाचा माणूस. त्या समाजाने त्याला कामापुरतं डोक्यावर घेतलंय. मत्सरापेक्षा त्याची प्रतिष्ठा मोडते, म्हणून तो खून करतो. हे वाचलं आणि नाटक मला पहिल्यांदा जातीचं वाटलं. गरज असेल तोवर सेनापती, मुलगी मागितली की बाहेरचा. हे आपल्याला शेक्सपिअरने सांगायची गरज नाही.

अवांतर: अमर शेखांचा आवाज ज्यांनी मैदानात ऐकलाय त्या जुन्या लोकांना विचारा, आवाजाने माणूस नट होतो की नाही ते.

बोरूबहाद्दर

गिरणगाव, प्रतिसाद फार आवडला. +१

अस्सल सदाशिव

सगळे आरती ओवाळताहेत म्हणून थोडं विरजण. हा महान मानवतावादी स्टालिनबद्दल शेवटपर्यंत जाहीरपणे एक वाकडा शब्द बोलला नाही. १९४९ मध्ये मॉस्कोत त्याने ज्यू कवी इत्सिक फेफरला भेटायचंय असा आग्रह धरला. फेफरला तुरुंगातून काढून, चांगले कपडे घालून हॉटेलात आणलं. खोलीत कान आहेत हे फेफरने खुणेने सांगितलं. रोबसन काय समजायचं ते समजला. आणि अमेरिकेत परतल्यावर सोव्हिएतमध्ये ज्यूंचा छळ वगैरे काही नाही, असं सांगत राहिला. फेफरला १९५२ मध्ये गोळी घातली. त्याच वर्षी रोबसनला स्टालिन शांतता पारितोषिक जाहीर झालं.

उगाच एक

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

तिसरी घंटा

राजकारण बाजूला ठेवा असं शीर्षकातच लिहिलं होतं. शीर्षक वाचायची पद्धत बंद झाली का?

पिटातला प्रेक्षक

सदाशिवराव, जे सांगितलंत ते खरं आहे, त्याची वकिली मी करणार नाही. फक्त पुढचा अर्धा भाग जोडतो. मॉस्कोतल्या त्याच मुक्कामातल्या मैफिलीत त्याने फेफरचं आणि सॉलोमन मिखोल्सचं नाव घेतलं आणि नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वॉर्सा घेटोच्या लढ्यावरून स्फुरलेलं गाणं यिडिश या ज्यूंच्या भाषेत गायलं. मिखोल्स हा मॉस्कोच्या ज्यू रंगभूमीचा प्रमुख, किंग लिअर म्हणून गाजलेला नट, ज्याला स्टालिनच्या माणसांनी १९४८ मध्ये मारून अपघात दाखवला होता. मॉस्कोत गायला, न्यूयॉर्कमध्ये गप्प बसला. मायदेशातल्या शत्रूंच्या हाती कोलीत द्यायचं नाही, हा त्याचा हिशोब. मला तो पटत नाही.

न्यूजर्सीकर

शत्रूही काही कागदी नव्हते. १९४९ च्या ऑगस्टअखेर न्यूयॉर्कजवळच्या पीकस्किलला त्याची मैफल दगड-काठ्यांनी उधळली. सप्टेंबरच्या चारला ती पुन्हा ठेवली, कामगार संघटनांच्या लोकांनी मैदानाला कडं केलं. मैफल झाली, पण परतणाऱ्या बसगाड्यांवर दगडांचा पाऊस. १९५० मध्ये पासपोर्ट काढून घेतला, तो आठ वर्षांनी मिळाला. सभागृहं बंद, रेकॉर्ड दुकानांतून गायब. १९१८ च्या ज्या फुटबॉल संघात तो होता त्याच्या छापील याद्यांतूनसुद्धा नाव उडवलं. कॉलेज फुटबॉलच्या सन्मानयादीत त्याला जागा मिळाली १९९५ मध्ये, मरणानंतर एकोणीस वर्षांनी.

१९५६ मध्ये संसदीय समितीपुढे विचारलं, रशिया इतका आवडतो तर तिथेच का नाही राहिलास? त्याने सांगितलं, माझा बाप गुलाम होता, हा देश उभा करताना माझी माणसं मेली, मी इथेच राहणार आणि तुमच्याइतकाच त्यातला वाटा घेणार. आवाजाची फेक ऐका त्या साक्षीतली. रंगभूमी गेली होती, नट गेला नव्हता.

शरयू_क

भारताचा धागा कोणी ओढला नाही अजून. १९३८ मध्ये नेहरू लंडनला आले तेव्हा किंग्जवे हॉलमधल्या स्वागतसभेत रोबसन बोलला होता. १९५८ मध्ये त्याच्या साठीनिमित्त भारतात समिती नेमली, तिचे अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. नेहरूंनी जाहीर गौरव केला. अमेरिकी वकिलातीने हे होऊ नये म्हणून धडपड केली, कारण तेव्हा त्याला पासपोर्टसुद्धा नव्हता. आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी छागला भारताचे राजदूत म्हणून वॉशिंग्टनला गेले!

अस्सल सदाशिव

आणि १९४९ मध्ये नेहरू अमेरिकेत आले तेव्हा याच रोबसनने भेट टाळली, कारण भारतात कम्युनिस्ट तुरुंगात होते. तेही लिहा की.

गिरणगाव

होते ना तुरुंगात. मजरूह सुलतानपुरी नेहरूंवरच्या कवितेपायी मुंबईत आत होते. अमेरिकेला नावं ठेवताना आपलंही दार बघावं.

मंद्र सप्तक

भूपेन हजारिका राहिले. कोलंबिया विद्यापीठात डॉक्टरेट करताना त्यांची रोबसनशी ओळख झाली, त्याच्या ‘ओल मॅन रिव्हर’ या गाण्यावरून ब्रह्मपुत्रेवरचं असमिया गाणं आलं, आणि त्याचं हिंदी रूप ‘गंगा बहती हो क्यूं’ आपण सगळ्यांनी ऐकलंय. धाग्याच्या अटीचा भंग झाला, पण एक अभिनयाचा मुद्दा यातच आहे. ‘शो बोट’ या संगीत नाटकात हे गाणं म्हणणारा ज्यो हा गोदीतला हमाल. मूळ शब्द थकल्याचे, जगण्याला कंटाळलेला आणि मरायला घाबरणारा माणूस. रोबसनने पुढे मैफिलीत ते बदलून मरेस्तोवर लढत राहीन असं केलं. गायक म्हणून टाळ्या. पण नट म्हणून? थकलेला, घाबरलेला माणूस त्याला करायचाच नव्हता. १९३६ च्या सिनेमातला ज्यो बघा आणि नंतरच्या मैफिलीतलं गाणं ऐका. मला सिनेमातला हमाल जास्त खरा वाटतो. भूमिका सोडून तो पुतळा झाला.

पिटातला प्रेक्षक

सप्तकताई, जरा कठोर होतंय, पण मुद्दा बिनतोड आहे. फक्त एक. पुतळा व्हायची वेळ त्याच्यावर का आली ते बघा. ‘सँडर्स ऑफ द रिव्हर’ (१९३५) त्याने केला तो आफ्रिकेची गाणी आणि नृत्यं पडद्यावर येतील म्हणून. तयार झाला तेव्हा निघाली ब्रिटिश साम्राज्याची भलामण आणि हा त्यातला गोऱ्या साहेबाचा विश्वासू सरदार. किरकोळ भूमिकेत चक्क जोमो केन्याटा आहे, पुढे स्वतंत्र केनियाचा राष्ट्रप्रमुख झालेला! त्यानंतर रोबसनने ‘साँग ऑफ फ्रीडम’साठी करारात अंतिम संकलनाला मंजुरीचा हक्क मागून घेतला. १९४२ मध्ये ‘टेल्स ऑफ मॅनहॅटन’मधले भाबडे शेतमजूर बघून हॉलिवूडलाच रामराम ठोकला. वय चव्वेचाळीस, नटाची उमेदीची वर्षं. पुढे कॅमेऱ्यासमोर अभिनय नाहीच.

उगाच एक

दूरदर्शन मालिकांत सासू करणाऱ्यांनी हा परिच्छेद भिंतीवर लावावा.

बोरूबहाद्दर

एक भर. १९७८ मध्ये जेम्स अर्ल जोन्सने ब्रॉडवेवर रोबसनचा एकपात्री प्रयोग केला, तेव्हा रोबसनच्या मुलासकट कितीतरी काळ्या लेखक-कलावंतांनी निषेध केला, रोबसनला सौम्य करून टाकलंय म्हणून. ज्याने आयुष्यभर भूमिका नाकारल्या त्याचीच भूमिका कोणाला करता येईना.

तिसरी घंटा

इतका खजिना निघेल असं वाटलं नव्हतं. ‘बॉडी अँड सोल’ पाहिला. शरयूताई, दंडवत. तो पाद्री भयंकर आहे. मुलीच्या आईसमोर देवमाणूस, आणि आई वळली की खांदेच वेगळे होतात. मी ज्याला मध्यम म्हणत होते तो नट हा नव्हे.

मग १९४३ च्या प्रयोगाचं काही मिळतं का शोधलं. चित्रण नाही. पण १९४४ मध्ये त्याच संचाने कोलंबिया कंपनीसाठी अख्खं नाटक ध्वनिमुद्रित केलं होतं, ते मिळालं. रोज रात्री थोडं थोडं ऐकलं. पहिल्या दोन अंकांत माझी तक्रार कायम. प्रत्येक ओळ प्रवचनासारखी, तोलून मापून. फेररचा इयागो चपळ, हलका, बोलता बोलता हसणारा, त्याच्यापुढे हा जड वाटतो. तिसऱ्या अंकात इयागो विष कालवायला लागतो तिथे हा जडपणाच कामाला येतो. इतका स्थिर माणूस ढळतोय हे ऐकवत नाही. शेवटच्या भाषणात, मी राज्याची थोडी सेवा केली आहे, असं म्हणतो तेव्हा आवाज तो मुद्दाम खाली ठेवतो. मोठा लावायची सगळी सोय असताना.

तर माझं मत: पल्ला लहान, पण त्या पल्ल्यात दुसरा कोणी नाही.

मंद्र सप्तक

‘पल्ला लहान’ला माझा विरोध. पल्ला दाखवायला भूमिका लागतात. लिअर त्याला कोणी दिला का? मॅकबेथ? इब्सेन? स्ट्रॅटफर्डला १९५९ मध्ये बोलावलं तेही ऑथेल्लोलाच. तेव्हा तो एकसष्ट वर्षांचा, प्रकृती ढासळलेली, आणि दोन वर्षांनी मॉस्कोच्या हॉटेलात हाताची नस कापून घेण्यापर्यंत गेला.

तिसरी घंटा

सप्तकताई, पण ‘पुतळा झाला’ हे तुम्हीच म्हणालात ना वर?

मंद्र सप्तक

म्हणाले. दोन्ही खरं आहे. ध्वनिमुद्रणाचा दुवा व्यक्तिगत निरोपातून (व्यनि) पाठवा, मी तिसऱ्या अंकापासून ऐकते आणि भांडायला परत येते.

उगाच एक

मलाही व्यनि. आणि बोरूशेठ, गिल्पिनच्या धाग्याचं काय झालं?